बोलका रेडा, मुका बैल

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत बैलाच्या वाट्याला वर्षातून तीन प्रसंग येतात. आषाढात बेंदूर येतो. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी होते; जुवाने घट्टे पडलेले खांदे गरम पाण्याने शेकतात, त्यांना हळद आणि तूप चोळतात. पाऊस सरून थंडी पडू लागली, की साखर कारखान्यांची धुराडी धूर ओकू लागतात आणि तेच खांदे उसाच्या गाडीला जुंपले जातात. त्याच सुमारास यात्रांचा हंगाम सुरू होतो. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या आणि खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेत खिलार जनावरांचे बाजार भरतात, गावोगावची मैदाने शर्यतींसाठी आखली जातात. या तिन्ही प्रसंगी माणूस बैलाच्या अंतरंगाविषयी काही ना काही गृहीत धरीत असतो. बेंदराला तो मानतो की बैलाला दुखते. मैदानावर तो सांगतो की बैलाला पळण्याची हौसच असते. उसाच्या वाटेवर मात्र हा विषयच त्याच्या मनाला शिवत नाही.

जनावराला जाणीव असते काय, आणि असल्यास ती कशी ओळखावी, हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या तासापुरता राहिला असता तर या स्तंभांत त्याची चर्चा करण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु गेल्या काही वर्षांत तो देशाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे उभा राहिला आहे. आणि बोलणारी यंत्रे घरोघर येऊन पोहोचल्यापासून त्याला एक अनपेक्षित दुसरी बाजूही फुटली आहे.

आधी न्यायालयाचे पाहू. ७ मे २०१४ रोजी ॲनिमल वेल्फेअर बोर्ड ऑफ इंडिया विरुद्ध ए. नागराज या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतील जल्लिकट्टू आणि महाराष्ट्रातील बैलगाडी शर्यती या दोहोंवर बंदी घातली. बैल हे ओढकामाचे जनावर आहे, त्याची शरीररचना शर्यतीत धावण्यासाठी झालेली नाही, असे न्यायमूर्तींनी नमूद केले. पण त्या निकालाचे खरे वेगळेपण याहून पुढचे होते. जनावराचे हित माणसाच्या सोयीवरून न मोजता जनावराच्या बाजूने मोजले पाहिजे, अशी भूमिका न्यायालयाने घेतली आणि संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील ‘जीवित’ या शब्दाची व्याप्ती प्राण्यांपर्यंत नेली. आपल्याकडील न्यायनिवाड्यात मुक्या प्राण्याच्या अनुभवाला इतके मानाचे स्थान क्वचितच मिळाले असेल.

या निकालावर आपल्या भागात काय उमटले, हे वाचकांना स्मरत असेलच. मोर्चे निघाले, निवेदने गेली. २०१७ साली विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती करून शर्यतींना अटींसह वाट मोकळी केली. ती मुंबई उच्च न्यायालयाच्या स्थगितीत अडकली. ऑगस्ट २०२१ मध्ये आटपाडी तालुक्यातील झरे येथे बंदी धुडकावून शर्यत झाली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तात्पुरती परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरविल्या. नव्या अटींमुळे जनावरांच्या यातना पुष्कळ कमी होतात, असे या पीठाचे मत पडले. प्राण्यांना मूलभूत हक्क आहेत असे मानण्यास पूर्वाधार नाही आणि तो प्रश्न विधिमंडळानेच हाताळावा, असेही त्याने म्हटले.

दोन निकालांतील हा फरक बारकाईने पाहण्यासारखा आहे. बैलाला दुखते की नाही, यावर दोन्हींत मतभेद नाही. मतभेद आहे तो त्या दुखण्याचे वजन कोणत्या तराजूत घालावे यावर. दुखणे मान्य करून ते हिशेबात किती धरायचे हे ज्याच्या त्याच्या सवडीवर सोडणे, ही आपली जुनी रीत आहे.

बैलाला दुखते हे तरी आपल्याला कसे कळते? सतराव्या शतकात देकार्तने प्राणी म्हणजे केवळ यंत्रे होत असे मांडले आणि त्यांचे वागणे घड्याळाच्या चालण्यासारखे ठरविले. त्याचा प्रभाव युरोपीय विज्ञानावर दीर्घकाळ राहिला. आपल्या शेतकऱ्याला हे मत कधीच पटले नसते, पण त्याचे खंडन त्याने कशाच्या आधारे केले असते? दुसऱ्याच्या जाणिवेत शिरून पाहण्याची सोय कोणालाच नाही. शेजाऱ्याचा दात दुखतो हेदेखील आपण त्याच्या चेहऱ्यावरून, त्याच्या वागण्यावरून आणि त्याचा जबडा आपल्यासारखाच आहे या माहितीवरून ताडतो. थॉमस नेगेल या तत्त्वज्ञाने १९७४ साली वटवाघळाचे उदाहरण घेऊन हीच अडचण मांडली. वटवाघूळ प्रतिध्वनीवरून वाट कशी काढते याची सारी माहिती मिळवली, तरी वटवाघूळ असणे आतून कसे वाटते, हे त्या माहितीतून हाती येत नाही.

तथापि, आतून कसे वाटते हे कळत नाही म्हणून काही वाटतच नाही असे ठरत नाही. ७ जुलै २०१२ रोजी केंब्रिज येथे जमलेल्या मज्जाशास्त्रज्ञांनी जाहीर केले, की सर्व सस्तन प्राणी, पक्षी आणि ऑक्टोपससारखे काही जीव यांच्याजवळ जाणीव निर्माण करणारी मज्जारचना आहे. एप्रिल २०२४ मधील न्यूयॉर्कच्या जाहीरनाम्याने त्याहून पुढे जाऊन माशांपासून कीटकांपर्यंत अनेकांच्या बाबतीत जाणिवेची वास्तव शक्यता मान्य केली, आणि अशी शक्यता असेल तेथे त्या प्राण्याविषयी निर्णय घेताना ती दुर्लक्षून चालणार नाही असे बजावले. बैलाच्या बाबतीत तर शंकेला जागाच नाही. वेदना वाहून नेणाऱ्या नसा, त्या जेथे पोहोचतात ते मेंदूचे भाग, भीतीने रक्तात उतरणारी द्रव्ये, हे सारे त्याच्या आणि आपल्या शरीरात बव्हंशी एकाच धाटणीचे आहे. नॉर्वेतील संशोधकांनी २००२ साली गाईंच्या डोळ्यांत दिसणाऱ्या पांढऱ्या भागाचे मोजमाप केले. गाय कोंडीत सापडली की तो भाग वाढतो आणि तिला स्वस्थता लाभली की घटतो, असे त्यांना आढळले. आपल्या भाषेने ‘डोळे पांढरे होणे’ हा वाक्प्रचार घडविला, तेव्हा तिला मोजपट्टीची गरज भासली नव्हती.

येथवर सारे ठीक आहे. गुंता होतो तो यंत्रामुळे.

आपल्या परंपरेत चैतन्याविषयी दोन टोकाची मते आहेत, आणि ती दोन्ही सातारा जिल्ह्यातील वाईच्या प्राज्ञपाठशाळेत साक्षेपाने अभ्यासली गेली. अद्वैत वेदान्त सांगतो की चैतन्य एकच असून ते सर्वत्र भरले आहे. चार्वाक सांगतात की चैतन्य म्हणजे जड भूतांच्या विशिष्ट मिश्रणातून उपजणारा गुण होय. किण्वातून मद्य बनावे आणि मद शक्ती प्रकटावी, तसा. वेदान्ताच्या मुशीत वाढलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी ‘जडवाद’ हा ग्रंथ लिहिला, ही आपल्या वैचारिक इतिहासातील लहान घटना नव्हे. परंतु यंत्राचा प्रश्न विचारला तर ही दोन्ही मते आपल्याला मध्येच सोडून जातात. चैतन्य सर्वत्र असेल तर ते यंत्रातही असले पाहिजे, आणि यंत्राबरोबर दगडातही. ते जडाच्या रचनेतून उपजत असेल तर योग्य रचना जमल्यावर यंत्रात उपजायला हरकत काय? तत्त्वतः यंत्राला दार कोणीच बंद केलेले नाही. प्रश्न उरतो तो ओळखीचा: ते आत आले आहे हे कशावरून समजावे?

या ओळखीसाठी माणूस फार पूर्वीपासून एकच खूण वापरत आला आहे, आणि ती खूण भाषेची आहे. १९५० साली ॲलन ट्युरिंग या गणितज्ञाने सुचविले की, यंत्र विचार करते काय या संदिग्ध प्रश्नात न गुंतता, संभाषणात ते माणसापासून वेगळे ओळखता येते काय एवढेच पाहावे. १९६६ साली जोसेफ वायझेनबाउम याने ‘एलायझा’ नावाचा एक साधा संगणकी कार्यक्रम रचला. समोरच्याचेच वाक्य थोडेसे फिरवून ते प्रश्नाच्या रूपात परत करणे, एवढीच त्याची करामत होती. असे असूनही, वायझेनबाउमच्या स्वतःच्या सचिव बाईंनी त्या यंत्राशी खासगी बोलायचे आहे म्हणून त्याला खोलीबाहेर जायला सांगितले. २०२२ साली तर गुगलच्या एका अभियंत्याने कंपनीच्या संभाषणयंत्राला जाणीव आहे असे जाहीर केले आणि त्याची नोकरी गेली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आले. आज आमचे विद्यार्थी त्याच्याकडून ‘मागणीची लवचिकता’ या विषयावर निबंध लिहून घेतात (आणि तो पुष्कळदा पाठ्यपुस्तकाहून सुबोध असतो, हे मान्य केले पाहिजे). त्याला आपली व्यथा सांगितली, की ते सांत्वनाची चार वाक्येही लिहिते. ती वाचताना मन गलबलते, हा अनुभव खोटा नाही. पण गलबलते ते आपले मन. यंत्राच्या बाजूला काही घडले की नाही, याचा तो पुरावा होत नाही.

पैठणच्या रेड्याची कथा मराठी माणसाला सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु ती कथा आपण अर्धीच लक्षात ठेवली आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. ज्ञानदेवांनी रेड्याच्या मस्तकावर हात ठेवला, रेडा वेद बोलू लागला आणि ब्रह्मवृंद नमला, एवढे सर्वांना आठवते. जुन्नर तालुक्यातील आळे येथे त्या रेड्याची समाधीही दाखविली जाते. कीर्तनकार मात्र त्याआधीचा आणखी एक प्रसंग सांगतात: रेड्याच्या पाठीवर आसूड ओढले गेले, आणि त्याचे वळ ज्ञानदेवांच्या अंगावर उमटले. चमत्कार बाजूला ठेवून केवळ कथेचा अर्थ पाहू. वळ उमटले तेव्हा पंडितांची खात्री पटली नाही. रेडा बोलला तेव्हा पटली. वास्तविक या दोहोंत जाणिवेची साक्ष कोणत्या प्रसंगात आहे? अर्थ न कळता ऋचा म्हणणारे लोक त्या सभेतही असतील. पाठांतराला जाणीव लागत नाही; वेदनेला लागते.

जॉन सर्ल या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९८० साली केलेला युक्तिवाद याच वळणाचा आहे. चिनी न येणारा एक माणूस खोलीत बसला आहे. कोणते चिन्ह आले असता कोणते चिन्ह बाहेर द्यायचे, याचे नियमपुस्तक त्याच्याजवळ आहे. बाहेरच्याला वाटते, आत चिनी जाणणारा कोणी आहे. आत आहे तो फक्त नियम पाळणारा. या युक्तिवादावर आक्षेप पुष्कळ आहेत आणि वाद मिटलेला नाही. यंत्राला कधीच जाणीव येणार नाही असे त्यावरून सिद्ध होते असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. पण एक गोष्ट त्यावरून निश्चित होते. माणसांनी लिहिलेल्या अफाट मजकुरावर जे यंत्र घडविले आहे, ते ‘मला वाईट वाटते’ असे म्हणाले, तर ते वाक्य आपलेच आहे आणि फिरून आपल्याकडे आले आहे. यंत्राच्या जाणिवेचा शोध घ्यायचा तर तो त्याच्या बोलण्याबाहेर कोठेतरी घ्यावा लागेल. बैलाच्या बाबतीत नेमके उलटे आहे: बोलणे सोडून बाकीचा सारा पुरावा त्याच्याजवळ आहे.

बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने अलीकडे उसाच्या शेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग चालविला आहे. जमिनीत बसविलेली उपकरणे ओल मोजतात आणि पिकाला पाणी केव्हा द्यावे, हे शेतकऱ्याला मोबाईलवर कळते. प्रयोग स्तुत्य आहे. पण त्यात एक मौज आहे. त्या शेतातील तहान यंत्र अचूक मोजते आणि त्याला तहान लागत नाही. त्याच शेतातला ऊस ओढणाऱ्या बैलाला तहान लागते आणि ती कोणी मोजत नाही.

येथे मला माझ्या विषयाकडे वळणे भाग आहे, कारण या मोजण्या-न मोजण्यात अर्थशास्त्राचा वाटा मोठा आहे. उपयोगितावादाचा प्रणेता जेरेमी बेंथॅम याने १७८९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात, एका तळटीपेत, जनावरांचा विषय काढला. त्यांना बुद्धी आहे काय, वाचा आहे काय, हे विचारणे व्यर्थ आहे; त्यांना यातना होतात काय, हाच खरा प्रश्न, असे त्याचे म्हणणे होते. ज्या उपयोगितेवर आम्ही वर्षानुवर्षे व्याख्याने देतो, तिचा उगम असा सुखदुःखाच्या संवेदनेत आहे. १८७१ साली जेव्हन्सनेही उपयोगितेची मांडणी सुखदुःखाच्या परिभाषेतच केली. पुढे मात्र संवेदना मोजता येत नाही म्हणून शास्त्राने तिचा हात सोडला. पॅरेटोने पसंतिक्रमावर काम भागविले, आणि १९३८ साली सॅम्युएल्सनने प्रकट पसंतीचा विचार मांडून उरलासुरला मनोव्यापारही पुस्तकाबाहेर काढला. ग्राहकाला आत काय वाटते याच्याशी शास्त्राला कर्तव्य नाही. तो काय निवडतो एवढे पुरे. शास्त्र यामुळे नेटके झाले यात संशय नाही. परंतु त्याची एक किंमत होती, जी आज उघड दिसते: या व्याख्येनुसार सुसंगत निवड करणारे यंत्र हा आदर्श ग्राहक ठरतो, आणि ज्याला निवडीची संधीच नाही तो बैल शास्त्राच्या नकाशावर उरत नाही. तो भांडवली वस्तू होतो. त्याच्या खांद्याची सूज म्हणजे घसारा.

आता उसाच्या वाटेवर येऊ. ऊसतोडीच्या हंगामात मराठवाड्यातून, विशेषतः बीड जिल्ह्यातून, हजारो कुटुंबे या दोन जिल्ह्यांत उतरतात. कोणी टायर सेंटरवर असते, कोणी गाडी सेंटरवर. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल हंगामात फेडायची असते आणि मोबदला टनावर मिळतो. तेव्हा गाडीवर आणखी दोन मोळ्या चढविण्याचा मोह गाडीवानाच्या क्रूरपणातून उपजत नाही, तो दराच्या रचनेतून उपजतो. ‘आधी माणसांचे बघा, मग बैलांचे’ असे म्हणणाऱ्यांच्या हे ध्यानात येत नाही, की येथे दोघांच्या मानेवरचे जू एकच आहे. पहाटे फडात उतरून बाईने मोळी उचलायची आणि तिनेच दुपारी वाढे तोडून बैलापुढे टाकायचे, अशा दिनक्रमात कोणाचे दुःख आधी मोजावे हा वाद बाहेर बसलेल्यांनाच सुचू शकतो.

कायदा नाही असे नाही. ओढकाम करणाऱ्या जनावरांविषयी केंद्र सरकारचे नियम १९६५ पासून अस्तित्वात आहेत. जनावराला दिवसाकाठी नऊ तासांहून अधिक आणि सलग पाच तासांहून अधिक जुंपू नये. तापमान ३७ अंशांवर जाते तेथे दुपारी बारा ते तीन या वेळेत जुंपू नये. अणकुचीदार पराणी वापरू नये. बैलाचा आकार आणि गाडीच्या चाकांचा प्रकार पाहून ठरविलेल्या मर्यादेपलीकडे ओझे लादू नये. हे नियम ज्या १९६० च्या कायद्याखाली झाले, त्याने क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दंड ठरविला तो १० ते ५० रुपये. २०१४ च्या निकालात न्यायालयाने हा दंड वाढविण्याविषयी संसदेला सुचविले होते. याउलट, महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुरुस्तीने शर्यतीतील अटी मोडल्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली आहे. बैल तोच, कातडी तीच, पण मैदानावर आणि रस्त्यावर तिच्या वेदनेचे बाजारभाव इतके निराळे!

शर्यतीचे समर्थक म्हणतात की ट्रॅक्टर आल्यावर खिलार जातीला दुसरा आधार उरलेला नाही. शर्यत नसेल तर खोंड कोणी पाळणार नाही. परोक्ष मागणीचा हा युक्तिवाद अर्थशास्त्राच्या दृष्टीने बिनचूक आहे, आणि त्याची टर उडविणाऱ्यांनी आटपाडी-म्हसवडच्या माळावर खिलार कळप राखणाऱ्याचा खर्च एकदा मांडून पाहावा. मात्र त्यावरून जात टिकविण्याची किंमत प्रत्येक बैलाने चाबकाखाली द्यावी असे निष्पन्न होत नाही. अटी पाळून शर्यत होत असेल तर होवो. तेथे पंच असतात, पशुवैद्य असतात, हजारो डोळे असतात. बैलाच्या आयुष्यात शर्यतीचा दिवस थोडा आणि चटकन सरणारा. हंगामाचे महिने लांब, आणि तेथे डोळे नसतात.

२०२२ साली इस्लामपूरजवळ राजारामनगर येथील राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी एक साधी योजना केली. गाडीच्या दांडीखाली पुढच्या बाजूस त्यांनी एक जादा चाक बसविले, म्हणजे मानेवर येणारा भार त्या चाकावर उतरावा. त्यांनी तिला ‘सारथी’ हे नाव दिले. वृत्तपत्रांतून तिचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. बैलाच्या जाणिवेविषयी कोणताही सिद्धांत न मांडता त्या मुलांनी ती मान्य केली होती. प्रश्न त्या चाकाच्या खर्चाचा आहे. गाडीवानाने ते स्वतः का बसवावे? मान हलकी झाली म्हणून त्याला टनामागे एक पैसाही अधिक मिळत नाही. खर्च उचलू शकतो तो कारखाना, कारण गाडी त्याच्या करारावर चालते, आणि वाहतुकीचा दरही त्याच्याच दप्तरात ठरतो.

पुराव्याची अडचणही येथे नाही. रस्त्यावर उभे राहून कोणी बैलाचे डोळे पाहात बसावे अशी अपेक्षा नाही. उसाची प्रत्येक गाडी गव्हाणीकडे जाण्यापूर्वी कारखान्याच्या वजनकाट्यावर चढते. भरलेल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन, तारीख, वेळ, गाडीचा क्रमांक, हे सारे पावतीवर किलोपर्यंत छापले जाते. त्यावरच शेतकऱ्याचे बिल आणि गाडीवानाची मजुरी निघते. १९६५ च्या नियमांनी घातलेली ओझ्याची मर्यादा त्या आकड्याशेजारी छापायला शाई तेवढी जास्त लागेल. संगणक काट्यावर बसलेला आहेच.